अंतर मोजा, विहीर पाहा, मग सौरपंप द्या
महाराष्ट्राच्या ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून आपल्या खात्याच्या दोन मोठ्या योजना सध्या एकाच वेळी चालू आहेत. पहिली ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’. तिच्यात शेतकऱ्याच्या विहिरीवर प्लेटा उभ्या राहतात, त्यांच्यावर त्याची मोटर चालते आणि महावितरणच्या तारेशी त्या संचाचा काही संबंध नसतो. दुसरी ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’. तिच्यात सबस्टेशनपासून पाच-दहा किलोमीटरच्या आत काही मेगावॅटचं सौर केंद्र उभं राहतं, त्याची वीज सबस्टेशनला येते आणि शेतीच्या फीडरवरून, आहेत त्याच खांबांवरून आणि आहे त्याच डीपीतून मोटरीपर्यंत जाते. वीज दोन्हीकडे उन्हाचीच. पण एक व्यवस्था तारेला जोडलेली आहे आणि दुसरी तारेपासून तुटलेली, आणि या एका फरकाने शेतकऱ्याचं पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचं पाणी ठरतं. कोणाला कोणती व्यवस्था द्यायची, याचा निकष मात्र आज राहिलेला नाही. म्हणून हे पत्र.

मी पारनेर तालुक्यातला शेतकरी. आयटीआयमध्ये वीजतंत्री शाखेच्या मुलांना शिकवण्यात नोकरीची वर्षं गेली, त्यामुळे गावात कोणाचा कंट्रोलर बंद पडला, कोणाची मोटर पाणी ओढेना, की मला निरोप येतो. विहिरींवर जे पाहिलं आणि विजेचं शास्त्र जे सांगतं, ते दोन्ही आपल्यापुढे ठेवतो.

माझी मागणी आधीच सांगून टाकतो. खांब जवळ असेल तिथे शेतकऱ्याला तारेवरची जोडणी द्यावी आणि ती तार ज्या फीडरची, तो फीडर सौर करावा. तार नेणं खरोखर अवघड आहे तिथे स्वतंत्र सौरपंप द्यावा आणि त्याची देखभाल कसून करावी. आज असं होत नाही. नवी जोडणी मागायला गेलेल्याला, खांब बांधाला लागून असला तरी, सौरपंपाचाच अर्ज भरायला सांगतात. कोटेशन भरून कित्येक वर्षं जोडणीची वाट पाहणाऱ्यांनाही तिकडेच वळवलं गेलं. योजनेच्या नावात ‘मागेल त्याला’ असे शब्द आहेत, पण तारेवरची जोडणी मागणाऱ्याला ती मिळत नाही.

हा निकष नव्याने शोधायचीही गरज नाही. राज्यानेच २०२० च्या कृषिपंप वीजजोडणी धोरणात तो ठरवला होता. लघुदाब वाहिनीपासून २०० मीटरच्या आत असलेल्याला लघुदाबाची जोडणी. २०० ते ६०० मीटरच्या दरम्यान उच्चदाब वितरण प्रणाली, म्हणजे एक-दोन शेतकऱ्यांना मिळून वेगळी छोटी डीपी. आणि ६०० मीटरच्या पलीकडे सौरपंप. गावातल्या कोणालाही टेप लावून तपासता येईल असा हा नियम होता. लांबच्या विहिरीपर्यंत खांब रोवायचे, तार ओढायची, मग त्या लांब तारेत वीज गळायची आणि टोकाला व्होल्टेज पडायचं, यापेक्षा तिथे प्लेटा बसवणं शहाणपणाचं, असा त्यामागचा हिशेब. तो हिशेब आजही तितकाच बरोबर आहे. मग खांबाजवळच्या विहिरींवर तुटक संच उभे करण्याचं कारण काय?

दिवसा वीज हवी, याबद्दल दुमत नाही. एक आठवडा दिवसा आठ तास आणि एक आठवडा रात्री दहा तास, ही चक्राकार पद्धत आमच्या पिढीने भोगली आहे. थंडीत रात्री दोन वाजता कांद्याच्या वाफ्यांत दारं धरायची, हातात बॅटरी, पायाखाली साप आहे की नळी हे दिसत नाही. जुन्नर, पारनेर, संगमनेर या पट्ट्यात बिबट्यामुळे तर रात्रीचं पाणी भरणं जिवावरचं झालं आहे. ज्या शेतकऱ्याला विहिरीवर प्लेटा आल्यापासून रात्री झोपायला मिळतं, त्याचं समाधान मी पाहिलं आहे आणि ते खोटं नाही. डीपी जळाली तर आठ-आठ दिवस वाट पाहायची नाही, ऑइलसाठी वर्गणी काढायची नाही, वायरमनच्या मागे फिरायचं नाही. सौरपंपाच्या बाजूची ही गोष्ट मान्य करूनच पुढचं लिहितो.

सौरपंपात साठवण नसते. त्या क्षणी जेवढं ऊन, तेवढीच शक्ती मोटरीला. ऊन कमी झालं की कंट्रोलर मोटरीच्या फेऱ्या कमी करतो. आणि पंपाच्या फेऱ्या व पाणी चढवण्याची उंची यांचं नातं वर्गाचं आहे: फेऱ्या ८० टक्क्यांवर आल्या, तर उंची चढवण्याची ताकद ६४ टक्क्यांवर येते. वीस-पंचवीस फुटांवर पाणी असलेल्या विहिरीत याचा त्रास फारसा होत नाही. धार बारीक होते, पण पाणी येतं. खोल बोअरमध्ये मात्र मळभ आलं की धार बारीक होत होत एकदम बंदच पडते. मोटर फिरत असते, कंट्रोलरच्या पडद्यावर हर्ट्झचा आकडा दिसत असतो आणि पाणी पाइपात अर्ध्यावर थांबलेलं असतं. मोटर गेली म्हणून बोलावणं येतं. जाऊन पाहावं तर मोटर ठणठणीत, फक्त ऊन पुरेसं नसतं.

त्यात पंपाची क्षमता ठरते ती जमिनीवर. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५ एचपी, त्यावर साडेसात. पण पाणी किती खोल आहे, हे सातबाऱ्यावरच्या क्षेत्रावर अवलंबून नसतं. दोन एकरांच्या शेतकऱ्याचं पाणी चारशे फुटांवर असू शकतं आणि सहा एकरवाल्याचं कालव्याशेजारी तीस फुटांवर. सौरपंपांच्या सरकारी प्रमाणांत पाच एचपीचे संच ५०, ७० आणि १०० मीटरच्या उंचीसाठी वेगवेगळे आहेत. शंभर मीटर म्हणजे जेमतेम सव्वातीनशे फूट. लातूर-धाराशिवकडे, सांगोला-आटपाडीकडे आणि आमच्याही जिरायती गावांत बोअर त्याच्या किती तरी खाली गेले आहेत. अशा ठिकाणी संच बसवण्याआधी विहिरीची किंवा बोअरची पाणीपातळी उन्हाळ्यात मोजलेली असली पाहिजे. ती मोजली जात नाही, अर्जात लिहिलेली खोली खरी धरली जाते.

आता सामाईक विहिरीची गोष्ट. मंत्रालयात बसून ही गोष्ट लक्षात येणं अवघड आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आमच्याकडे निम्म्याहून जास्त जुन्या विहिरी भाऊबंदांच्या सामाईक आहेत. सातबाऱ्यावर चार आणे, आठ आणे असा हिस्सा आणि त्याप्रमाणे पाण्याची पाळी. तारेवरच्या मोटरीला ही पाळी घड्याळावर चालते. लाइट आली, मोटर सुरू झाली, तुझे चार तास, माझे चार तास. दोन पिढ्या भांडून-भांडून हे गणित बसलेलं असतं. त्याच विहिरीवर तुटक सौरपंप आला की घड्याळ निरुपयोगी होतं. सकाळी नऊपर्यंत पाण्याला जोर नसतो, थंडीच्या दिवसांत साडेतीननंतर तो पुन्हा उतरतो. मधल्या पाळीवाल्याला भरपूर पाणी आणि सकाळ-संध्याकाळच्या पाळीवाल्यांना नुसती ठिबक. म्हणून पाळ्या दिवसाच्या केल्या. तर ज्याच्या वाट्याला ढगाळ दिवस आला, त्याचा दिवस धरायचा की सोडायचा, यावरून वाद.

आमच्या शिवारात तिघा चुलतभावांच्या अशाच एका विहिरीवर मी मागच्या कांद्याच्या हंगामात गेलो होतो. लागवड होऊन आंबवणीचं पाणी द्यायचं होतं आणि ढग आले होते. त्यातल्या धाकट्याने कंट्रोलरच्या पेटीला सुतळीने एक वही बांधली होती. रोज संध्याकाळी पडद्यावरचा युनिटचा आकडा तो तिच्यात लिहितो आणि पाळी दिवसांवर न मोजता युनिटवर मोजतो. अठरा युनिट झाले की एक पाळी पूर्ण, मग त्याला एक दिवस लागो की तीन. तोडगा हुशारीचा आहे. पण त्या आठवड्यात थोरल्याचे अठरा युनिट पुरे व्हायला इतके दिवस लागले की धाकट्याचं रोप वाळायला लागलं. दोनशे फुटांवर खांब उभा आहे. त्या खांबावरून जोडणी असती, तर ढग असो वा ऊन, मोटर चालली असती. सौर केंद्रातून कमी पडलेली वीज राज्याच्या जाळ्यातून आली असती. तारेला जोडलेलं असण्याचा फायदा नेमका हाच आहे. एका गावावर ढग असले तरी दुसऱ्या तालुक्यात ऊन असतं, कोयनेला पाणी असतं, साताऱ्याच्या पठारांवर वारा असतो. हे सगळं तार एकत्र आणते आणि ज्याला ज्या वेळी कमी पडेल त्याला देते. तुटक संचाच्या शेतकऱ्याला या सगळ्यातलं काहीही मिळत नाही.

उलट बाजूचाही हिशेब पाहा. पाच एचपीच्या पंपावर साधारण पाच किलोवॅटच्या प्लेटा असतात. आपल्याकडच्या उन्हात एका किलोवॅटपासून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात, म्हणजे त्या संचातून वर्षाला सात हजारांच्या आसपास युनिट निघू शकतात. पण मोटर रोज चालत नाही. पावसाळ्यात पाणी लागत नाही, उन्हाळ्यात विहीर आटते, दोन पिकांच्या मध्ये रान मोकळं असतं. मोटर वर्षातले दीडशे दिवस चालली असं धरलं, तर निम्म्याहून जास्त, म्हणजे चार हजार युनिट, प्लेटांवर ऊन पडत असूनही निर्माणच होत नाहीत. वाहिनी योजनेत सौर वीज साधारण तीन रुपये युनिटने घेतली जाते. त्या दराने एका विहिरीवर वर्षाला बारा हजार रुपयांची वीज वाया जाते. असे संच राज्यात लाखांनी बसले आहेत. २०२५ मध्ये एका महिन्यात ४५,९११ सौरपंप बसवून महाराष्ट्राने गिनिजमध्ये नोंद केली. त्या एका महिन्यातल्या पंपांपुरता हा हिशेब मांडला, तरी वर्षाला पन्नास कोटींच्या वर रक्कम जाते. हा पैसा केंद्राच्या, राज्याच्या आणि शेतकऱ्याच्या खिशातून आधीच खर्च झालेला आहे.

खर्चाचंही तसंच आहे. फीडर सौर करायला मेगावॅटमागे साडेतीन कोटी खर्च धरून केंद्राने त्याच्या ३० टक्के, म्हणजे १ कोटी ५ लाख, अनुदान ठरवलं. पाच किलोवॅटला हा खर्च पावणेदोन लाख पडतो. विहिरीवरचा पाच एचपीचा संच, मोटर-पाइपासकट, सव्वातीन लाखांच्या आसपास जातो. मोटरीची किंमत वजा केली तरी फरक मोठा उरतो, कारण हजार ठिकाणी हजार ढाचे, हजार कंट्रोलर, हजार तारकुंपणं लागतात.

आणि न्यायाचा प्रश्न. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज आहे. सरकारी आकड्याप्रमाणे ४४ लाख शेतकऱ्यांना ती मिळते. म्हणजे ज्याच्या वडिलांनी १९८५ साली जोडणी घेतली, त्याला आज बिल नाही. आणि ज्याने कोटेशन भरून वाट पाहिली, त्या तरुण शेतकऱ्याने दहा टक्के हिस्सा भरायचा, तोही पाच एचपीला तीस हजारांच्या वर, ढगाळ दिवसाची जोखीम स्वतः घ्यायची आणि पाच वर्षांची हमी संपली की दुरुस्तीही स्वतःच पाहायची. मोफत विजेची योजना पाच वर्षांची आहे, ती पुढे बंद झाली तर सौरपंपवाला सुखी राहील, असं कोणी म्हणेल. तसं होऊ शकतं. पण दोन शेजाऱ्यांना आज अशा दोन तराजूंत तोलण्याचं ते उत्तर होत नाही.

तुटक व्यवस्था कशा मोडतात, याचं एक उदाहरण देशाने पाहिलेलं आहे. बिहारमध्ये जहानाबाद जिल्ह्यातलं धरनई गाव. २०१४ च्या जुलैमध्ये ग्रीनपीसने तिथे १०० किलोवॅटचं सौर सूक्ष्मजाळं उभारलं. तीस वर्षं अंधारात असलेल्या गावात दिवे लागले आणि देशभर त्याचं कौतुक झालं. पण तेव्हाचे माजी मुख्यमंत्री नितीशकुमार गावात आले, तेव्हा लोकांनी त्यांच्याकडे ‘असली बिजली’ मागितली. बॅटरीवर टीव्ही, फ्रीज, पंखे हे सगळं चालेना, आणि युनिटचा दरही सरकारी विजेपेक्षा जास्त होता. लवकरच तार आली. काही वर्षांत बॅटऱ्या संपल्या आणि त्या केंद्राच्या आवारात गुरं बांधली जाऊ लागली. यंत्रसामग्री वाईट नव्हती, उभारणाऱ्यांचा हेतू तर मुळीच वाईट नव्हता. तार येणार हे धरून ते जाळं पुढे तिला जोडता येईल असं बांधलं गेलं नाही, आणि तार आल्यावर त्या प्लेटांचं काय करायचं हे कोणी ठरवलं नव्हतं. आपल्या विहिरींवरच्या लाखो प्लेटांबाबतही ते अजून ठरलेलं नाही.

तुटक व्यवस्थेला माझा विरोध आहे, असा अर्थ कृपया घेऊ नये. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातले पाडे, मेळघाटातली जंगलाच्या पोटातली गावं, भामरागडच्या नदीपलीकडच्या वस्त्या, इथे तार नेण्यासाठी वनखात्याची परवानगी, दऱ्या आणि दर पावसाळ्यात पडणारे खांब, हे सगळं ध्यानात घेतलं तर प्लेटा आणि बॅटरी हाच खरा मार्ग आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या बिलगावने तर सौर नसतानाही हे करून दाखवलं होतं. २००३ साली गावकऱ्यांनी श्रमदानाने, नर्मदा बचाव आंदोलनातल्या कार्यकर्त्यांच्या आणि केरळातून आलेल्या तरुण अभियंत्यांच्या मदतीने, उदई नदीच्या धबधब्यावर १५ किलोवॅटचं छोटं जलविद्युत केंद्र उभं केलं. ते तीन वर्षं चाललं आणि सरदार सरोवराच्या फुगवट्यात गेलं. अशा गावांना आपल्या खात्याचं लक्ष सगळ्यात जास्त हवं. सौभाग्य योजनेत दुर्गम घरांना २०० ते ३०० वॅटचे संच दिले गेले: पाच दिवे, एक पंखा, एक प्लग आणि पाच वर्षांची देखभाल. त्या पाच वर्षांची मुदत केव्हाच संपली. बॅटरी बदलून द्यायला जिथे कोणी जात नाही, तिथे कागदावर वीज पोचलेली असते आणि घरात चिमणी पेटलेली असते. खांबाजवळच्या विहिरींवर संच उभे करण्यात जी माणसं आणि जो पैसा गुंतला आहे, त्यातला काही भाग या पाड्यांवर बॅटऱ्या बदलायला वळवला, तर तो कितीतरी जास्त उपयोगी पडेल.

जिथे तुटक पंप आधीच बसले आहेत, तिथेही मार्ग बंद झालेला नाही. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात २०१६ साली सहा शेतकऱ्यांनी सौर ऊर्जा उत्पादकांची सहकारी मंडळी काढली. सहा जणांचे मिळून ५६.४ किलोवॅटचे सौरपंप एका छोट्या जाळ्याने जोडले आणि पाणी भरून उरलेली वीज वीज कंपनीला ४ रुपये ६३ पैसे दराने विकण्याचा पंचवीस वर्षांचा करार केला. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेने या प्रयोगाला आधार दिला. त्यातून पाण्याची गोष्टही सुधारली. तुटक पंपावर मोटर बंद ठेवण्यात शेतकऱ्याचा काहीच फायदा नसतो. ऊन फुकट आहे, तर उपस पाणी, लाव ऊस. तार जोडली की बंद मोटरीचेही पैसे मिळतात. ज्या तालुक्यांत भूजल अतिउपशाच्या यादीत गेलं आहे, तिथे हा फरक विहिरीतल्या पाण्याच्या पातळीवर दिसेल. गुजरात सरकारने पुढे २०१८ मध्ये हाच विचार सूर्यशक्ती किसान योजनेत फीडरभर नेला.

सहकारात जन्म घेतलेल्या महाराष्ट्राला हे जमणार नाही, असं मला वाटत नाही. मुळा-प्रवरा वीज संस्थेचा अनुभव कोणी पुढे करेल. आमच्याच जिल्ह्यातली ती संस्था थकबाकीच्या ओझ्याखाली गेली आणि २०११ मध्ये तिचा परवाना संपला, हे खरं आहे. पण ती वीज विकत घेऊन वाटणारी संस्था होती आणि वसुली न झाल्याने बुडाली. वीज तयार करून विकणाऱ्या शेतकऱ्यांच्या मंडळीला वसुली करायचीच नसते. महावितरणने तिचे पैसे वेळेवर दिले म्हणजे झालं.

वाहिनी योजनेतही सगळं सुरळीत नाही, आणि तिची बाजू घेतो म्हणून तिच्यातलं झाकणार नाही. राज्याने १६ हजार मेगावॅटचं उद्दिष्ट ठेवलं आहे. पथदर्शी काम राळेगणसिद्धीत आणि यवतमाळच्या कोळंबीत सुरू झालं, आणि २.० मधलं पहिलं तीन मेगावॅटचं केंद्र वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात २०२४ मध्ये चालू झालं. खाजगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं आणि दरवर्षी तीन टक्के वाढ, हा दर कोरडवाहू शेतकऱ्याला परवडणारा आहे. पण बऱ्याच ठिकाणी केंद्रं गायरानावर जात आहेत आणि तिथे चारणाऱ्यांना, अतिक्रमणात पिढ्यानपिढ्या कसणाऱ्या भूमिहीनांना कोणी विचारत नाही. शेळ्या-मेंढ्यांचं रान गेलं की त्या घराला दुसरा आधार नसतो. ग्रामसभेत नीट चर्चा न करता गायरान घेऊ नये, आणि शक्यतो पडीक खाजगी जमीन भाड्याने घ्यावी.

दुसरं, सौर केंद्र सबस्टेशनपर्यंत वीज आणून देतं. सबस्टेशनपासून मोटरीपर्यंतची तार जुनीच राहते. फीडरच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज पडतं, मोटर जळते, ओव्हरलोड डीपी उडते. केंद्र सुरू झालं आणि दिवसाचे आठ तास जाहीर झाले, पण त्यातले तीन तास ट्रिपिंगमध्ये गेले, तर शेतकरी विहिरीवरच्या प्लेटाच मागणार, आणि त्याला दोष देता येणार नाही. ग्रामीण भागात जळालेलं रोहित्र ४८ तासांत बदलावं, हे नियामक आयोगाच्या कृतिमानकांत लिहिलेलं आहे. ते पाळलं गेलं असतं, तर तारेवरचा विश्वास इतका उडालाच नसता. माझ्या मते लोक तुटक पंपाकडे वळतात ते सौरऊर्जेच्या ओढीने कमी आणि डीपीच्या छळाला कंटाळून जास्त. तेव्हा फीडर सौर करताना त्याच कामात शेवटच्या डीपीपर्यंतची तार, कपॅसिटर आणि फ्यूजपेट्या यांचं काम धरावं आणि ते झाल्याशिवाय केंद्र पूर्ण झालं असं म्हणू नये.

जाता जाता शहरवासीयांसाठी एक. पीएम सूर्यघर योजनेतून छतावर तीन किलोवॅटचा संच बसवला की ७८ हजारांचं अनुदान मिळतं. पण तो संच तारेला जोडलेला असतो, आणि लाइट गेली की तोही बंद होतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या विजेचा झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टरमध्ये तशी सोयच केलेली असते. बॅटरी नसेल तर भर दुपारी, प्लेटा तळपत असताना, घरात पंखा फिरणार नाही. विकणाऱ्याने हे आधी सांगायला हवं, आणि सांगत नसेल तर आपल्या खात्याने जाहिरातीत सांगायला हवं.

ऊर्जामंत्री महोदय, या पत्रातून मी नव्या योजनेची मागणी करत नाही. आहेत त्याच दोन योजनांमध्ये सीमारेषा आखा. ६०० मीटरच्या आतल्या शेतकऱ्याला तारेवरची जोडणी मागता यावी आणि ती त्याला मिळावी. सौरपंप त्याने आपखुशीने निवडला, तर जरूर द्यावा, पण संच बसवण्याआधी पाणीपातळी मोजून आणि सामाईक विहीर असेल तर सर्व हिस्सेदारांना समोर बसवून. सौरपंपाच्या कंट्रोलरवर पिठाची चक्की, कडबाकुट्टी चालवण्याची सोय केंद्राच्या नियमांत आहे. ‘युनिव्हर्सल’ कंट्रोलर म्हणतात तो प्रत्येक नव्या संचाला लावावा, म्हणजे रिकाम्या दिवसांची वीज निदान घरच्या कामी येईल. खांबाजवळ आधीच बसलेल्या पंपांना पुढे तार जोडून उरलेली वीज विकण्याचा हक्क लेखी द्यावा आणि त्याचा दर आयोगाकडून ठरवून घ्यावा. दर तालुक्याला आयटीआय आहे. तिथून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांना सौरपंप दुरुस्तीचं काम शिकवून महावितरणच्या उपविभागात नेमावं, कारण पाच वर्षांची हमी संपल्यावर कंपनीचा टोल फ्री क्रमांक उचलला जाईल, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

रब्बीच्या जोडण्यांचे अर्ज सुरू होण्याआधी २०२० च्या धोरणातला अंतराचा निकष पुन्हा लागू करणारा आदेश काढावा आणि कोटेशन भरलेल्या शेतकऱ्यांची नावं त्यांच्या जुन्या क्रमाने यादीवर परत आणावीत, ही आपल्याला कळकळीची विनंती.

आपला नम्र,
पारनेर तालुक्यातील एक शेतकरी